अपडेटनंतर ऑफिसचं मशीन उठतच नाही, आणि सगळे म्हणतायत फॉरमॅट मारा

प्रश्न: आमचं छोटं ऑफिस आहे, चार कॉम्प्युटर. मी हिशेब बघते आणि कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलंय. मेन मशीनवर बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, बाकीची तीन मशीन तिथूनच डेटा घेतात. शुक्रवारी निघताना 'अपडेट अँड शट डाउन' आलं, मी दाबलं आणि घरी गेले. सोमवारी चालू केलं तर निळी स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन. मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं काहीतरी आलं आणि त्याने कुठलीतरी ४८ आकडी की मागितली, ती आमच्याकडे कोणाकडेच नाही. नेहमीचा कॉम्प्युटरवाला बाहेरगावी आहे, फोनवर म्हणतो आल्यावर फॉरमॅट मारू, जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून हे झालंय. बिलिंगवाले म्हणतात नवीन व्हर्जन टाका. सर म्हणतात यापुढे अपडेटच बंद. तीन वर्षांचा डेटा त्या मशीनवर आहे, पेन ड्राइव्हवर बॅकअप आहे पण शेवटचा कधी घेतला ते सांगता येत नाही. बटण मीच दाबलं, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघतायत. काय करू?

उत्तर:

ताई, पत्र वाचलं तेव्हाच तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या, की फॉरमॅट कोणालाही करू देऊ नका आणि शुक्रवारपासून दहा दिवस मोजायला लागा. ते का ते आता नीट सांगतो, कारण अशीच पत्रं अधूनमधून येत असतात आणि प्रत्येकात कोणीतरी फॉरमॅट मारायला टपलेलाच असतो.

आधी हे डोक्यातून काढा की मशीन मेलंय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मशीन जिवंत आहे, डिस्क जिवंत आहे, डेटाही बहुतेक जागच्या जागी आहे, फक्त विंडोज उभं राहता राहता पडतंय. फॉरमॅट मारला की विंडोज तासाभरात चकाचक होईल पण डेटा जाईल, आणि तुमच्या डिस्कवर तर कुलूप आहे (४८ आकडी की मागतंय म्हणजे बिटलॉकर, विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय, चालू आहे). कुलूपबंद डिस्क फॉरमॅट झाली की नंतर डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेऊनही हाती काही लागत नाही, साधी डिस्क असती तर थोडी तरी आशा असते. त्यामुळे विंडोज सगळ्यात शेवटी, आधी डेटा. घाई असली, सर डोक्यावर उभे असले तरी हा क्रम बदलायचा नाही.

दुसरं, कॉम्प्युटरवाला म्हणतो जुन्या बिलिंगमुळे निळी स्क्रीन आली. मला हे पटत नाही. बिलिंगसारखा प्रोग्रॅम बंद पडला तर तो एकटाच बंद पडतो, एरर देतो, उघडत नाही, पण अख्खं विंडोज खाली बसवायची त्याची ताकद नसते. ते काम ड्रायव्हर करतात, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसून चालणारे छोटे प्रोग्रॅम, प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरसचा, ग्राफिक्सचा, आणि तुमच्या बिलिंगला लायसन्सचा युएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखा, जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) असेल तर त्या डोंगलचा. आणि तुम्ही तर लॉगिनपर्यंतही पोचत नाही आहात, बिलिंग उघडायची वेळच आलेली नाही, मग त्याचा दोष कसा? डोंगलच्या ड्रायव्हरचा असू शकतो, ती गोष्ट वेगळी.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही होतं. १९ जुलै २०२४ आठवतंय ना, विमानतळांवरच्या स्क्रीन निळ्या पडल्या होत्या, बँका, हॉस्पिटलं सगळीकडे गोंधळ. क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेट फाइलने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे साधारण ८५ लाख विंडोज मशीन झोपवली. कंपनीने ती फाइल दीडएक तासाच्या आत मागे घेतली होती, तरी जी मशीन एकदा लूपमध्ये गेली त्यातल्या बऱ्याच मशीनसमोर माणसाला बसून, सेफ मोडमध्ये (तो काय ते खाली सांगतो) जाऊन, ती फाइल हाताने उडवावी लागली. आणि तिथेही बिटलॉकरची की शोधण्यातच आयटीवाल्यांचा घाम निघाला. म्हणजे तुमची अडचण तीच आहे, फक्त तुमच्याकडे आयटी डिपार्टमेंट नाही एवढाच फरक.

तर सुरुवात कीपासून. तुम्ही म्हणता कोणाकडेच नाही, पण असणार आहे कुठेतरी, फक्त ती आपल्याकडे आहे हे त्या माणसाला माहीत नाही. होतं काय की नवीन मशीन पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं, जो समोर बसलेला असतो तो आपला ईमेल टाकून मोकळा होतो, आणि बऱ्याच मशीनवर त्याच वेळी डिस्क आपोआप कुलूपबंद होऊन की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते, कोणाला काही न सांगता. त्यामुळे ते मशीन पहिल्यांदा कोणी सेट केलं ते आठवा. सर असतील, सोडून गेलेला एखादा सहकारी असेल, तो कॉम्प्युटरवालाच असेल. ज्याचा ईमेल असेल त्याने मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करून डिव्हायसेसमध्ये बघायचं, मशीनच्या नावासमोर बिटलॉकर रिकव्हरी कीज दिसतात. ऑफिसचे ईमेल मायक्रोसॉफ्टवरच असतील तर ते ईमेल सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनलाही की दिसू शकते. तुमच्या स्क्रीनवर कीची जागा आहे तिथेच एक 'की आयडी' दिसेल, त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या आयडीशी जुळतात का बघायचं, कारण एकाच अकाउंटमध्ये दोन-तीन मशीनच्या कीज असतात आणि चुकीची की टाकत बसलं की माणूस उगाच घाबरतो. की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. फोनवर सांगून टाइप करू नका, स्क्रीनशॉट मागवा. कोणी सेट करताना प्रिंट काढून किंवा पेन ड्राइव्हवर सेव्ह करून ठेवली असेल तर मशीनची बिलं-वॉरंटी कार्डं ज्या फाइलला लावलीत तिथेही बघा, मिळते कधीकधी. आणि मायक्रोसॉफ्टला फोन करून की मिळत नाही, त्यांच्या सपोर्टकडेही ती हरवलेली की नव्याने बनवून द्यायची सोय नाही, तेव्हा नेटवर सापडलेला कोणी 'पैसे द्या, की काढून देतो' म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

की मिळेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, फक्त एक करा. मागच्या सगळ्या वायरी काढा, प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, पेन ड्राइव्ह, नेटची केबल पण, कीबोर्ड-माउस-मॉनिटर एवढंच ठेवा आणि एकदा चालू करून बघा. एखाद्या जोडलेल्या वस्तूचा ड्रायव्हर दोषी असेल तर ती वस्तू नसताना मशीन उठूही शकतं. मार्च २०२१ च्या विंडोज १० अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळी स्क्रीन यायची, नंतर मायक्रोसॉफ्टला त्यावर वेगळं दुरुस्तीचं अपडेट काढावं लागलं. उठलं तर नशीब, पण मग लगेच बिलं करायला बसू नका, आधी डेटा कॉपी करा.

आणि निळी स्क्रीन येते तेव्हा मोबाइलवर फोटो काढा, व्हिडिओ काढला तर अजून चांगलं कारण ती पटकन जाते. त्यावर खाली बारीक अक्षरात 'स्टॉप कोड' असतो आणि कधीकधी 'व्हॉट फेल्ड' असं लिहून पुढे एका फाइलचं नाव असतं. ते नाव म्हणजे गुन्हेगाराचं नाव असेलच असं नाही, पण धागा तो आहे, तेच नाव नेटवर शोधलं की कळतं प्रिंटरवाल्याची फाइल आहे की अँटिव्हायरसची. (हल्लीच्या विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन निळीची काळी झालीय, मजकूर तोच.)

आता की मिळाली असं धरून चालू. तुमचं मशीन स्वतःच 'ऑटोमॅटिक रिपेअर'वर जातंय, ते दोनदा पडलं की विंडोज तिसऱ्या वेळी स्वतःहून तिकडे नेतं. तिथे 'रीस्टार्ट' न दाबता 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' दाबा, मग 'ट्रबलशूट', मग परत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. सात-आठ चौकोन दिसतील. यातल्या कशालाही हात लावायच्या आधी डेटा बाहेर काढायचा, आणि त्यासाठी एक जुनी युक्ती आहे जी कॉम्प्युटरवाले सहसा सांगत नाहीत.

'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, की मागेल, टाका. काळी खिडकी येईल, तिथे नोटपॅडचं इंग्रजी स्पेलिंग टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडेल, साधं आपलं नेहमीचं. त्यात 'फाइल' मग 'ओपन', आणि खाली जिथे टेक्स्ट फाइल्स लिहिलेलं असतं तिथे 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि तुमच्या पोटात गोळा येईल. आता ही ओपनची खिडकी म्हणजे तुमचा फाइल एक्सप्लोरर झाला, डावीकडे 'धिस पीसी'त जा, सगळे ड्राइव्ह दिसतील. इथे अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसेल, घाबरू नका, आत जाऊन 'युजर्स' फोल्डर आहे का बघा, असेल तर तोच. बिलिंगच्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, मग मोकळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन पेस्ट. कॉपी किती झाली याची हिरवी पट्टी इथे दिसेलच असं नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटेल, तेव्हा थांबा, चहा घ्या, परत परत क्लिक करू नका. पेन ड्राइव्हवर दिवा असेल तर तो लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

कॉपी नक्की काय करायचं हा प्रश्न असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तर घ्याच, पण बिलिंगचा डेटा तिथे क्वचितच असतो. जुनी सॉफ्टवेअर थेट सी ड्राइव्हवर आपल्या नावाचा फोल्डर करतात, काही 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवतात, काही 'प्रोग्रॅम डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये जो एरवी लपवलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एमडीएफ असेल तर त्याच नावाची एलडीएफ फाइलही जवळपास असते, दोन्ही जोडीने घ्यायच्या, एकटी घेऊन पुरत नाही. डीबीएफ किंवा एमडीबी असेल तर अख्खा फोल्डर उचला. काय लागेल काय नाही याचा विचार आत्ता करायचा नाही, नाव ओळखीचं वाटलं की घ्या. बिलिंगवाल्यांच्या सपोर्टला फोन करून एवढंच विचारा की डेटा कुठल्या फोल्डरमध्ये असतो, हे ते सांगतात, नवीन व्हर्जनचा विषय काढला तर "नंतर बघू" म्हणायचं.

कॉपी झाली की ती पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून बघा. मुख्य डेटा फाइलवर 'डेट मॉडिफाइड' शुक्रवारची दिसते का, साइझ शून्य तर नाही ना. मग तीच कॉपी अजून एका ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्ह काढून कपाटात, कुलपात. आता तुम्ही सुटलात, खरंच, यापुढे मशीनचं काहीही होवो.

मग विंडोजकडे या. त्याच चौकोनांमध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. आत दोन पर्याय, 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' आणि 'लेटेस्ट फीचर अपडेट'. क्वालिटी म्हणजे दर महिन्याचं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेतल्या वेळेने, निघतं ते. फीचर म्हणजे वर्षातून एकदा येणारं मोठं, ज्याने विंडोजचं व्हर्जनच बदलतं. पहिल्यांदा क्वालिटीवालं काढून मशीन चालू करून बघा, नाही झालं तरच फीचरवालं. फीचरवालं काढायची मुभा फक्त दहा दिवस असते, कारण जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये तेवढेच दिवस राखून ठेवलेलं असतं, नंतर मशीन ते स्वतः साफ करतं. म्हणून दिवस मोजा म्हटलं होतं. आणि जागा कमी पडतेय म्हणून कोणी हुशारी करून तो फोल्डर उडवला तर दहा दिवसांच्या आतही परत जाता येत नाही. मागे जायला वेळ लागतो, मध्ये टक्के तसेच अडकल्यासारखे वाटतात, पॉवर बटण दाबू नका, लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसवर लावून मगच सुरू करा.

यानेही नाही झालं तर 'सिस्टिम रिस्टोअर', त्यात अपडेटच्या आधीची तारीख दिसली तर निवडा. पुष्कळ मशीनवर हे बंदच असतं त्यामुळे यादी रिकामी आली तर निराश होऊ नका. मग 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून ४ नंबर दाबला की सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर उघडतं. सेफ मोडमध्ये मशीन स्थिर चालतंय म्हणजे बाहेरचा कुठलातरी ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस दोषी आहे हे जवळपास पक्कं. तिथून 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, ते राखाडी नसेल तर दाबा. विंडोजच्या अँटिव्हायरसशिवाय दुसरा कुठला टाकलेला असेल तर तो काढून बघा, माझा पहिला संशय नेहमी त्याच्यावर असतो.

'रीसेट धिस पीसी' हा चौकोन मात्र लांबच ठेवा. त्यात 'कीप माय फाइल्स' असं गोड लिहिलेलं असतं, लोक फसतात. ते तुमचे डॉक्युमेंट्स वगैरे ठेवतं पण टाकलेले सगळे प्रोग्रॅम काढून टाकतं आणि डेस्कटॉपवर काय काय काढलं त्याची यादी ठेवून जातं, बिलिंग त्या यादीत दिसेल, मशीनमध्ये नाही. सी ड्राइव्हवरच्या त्याच्या फोल्डरचं काय होईल यावर मी तरी पैज लावणार नाही. मायक्रोसॉफ्टचीसुद्धा फाइलींच्या बाबतीत फजिती झालीय, ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट काही लोकांच्या फाइली उडाल्याच्या तक्रारी आल्यावर त्यांना थांबवावं लागलं होतं. म्हणून आधी कॉपी, आधी कॉपी.

मशीन उठलं की लोक आनंदात नेट जोडतात आणि दुसऱ्या दिवशी परत निळी स्क्रीन, कारण विंडोजने तेच अपडेट रात्री परत ओढलेलं असतं! तेव्हा नेटची केबल काढलेलीच ठेवून चालू करा (वायफाय असेल तर तेही बंद), सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन 'पॉज' करा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, मगच नेट. या पाच आठवड्यांत ज्या ड्रायव्हरने घोळ केला त्याच्या कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आलाय का बघायचं, तो टाकायचा आणि मग अपडेट परत येऊ द्यायचं.

समजा विंडोज ठीक उठलं आणि नव्या व्हर्जनवरच ठेवायचं ठरलं पण बिलिंग उघडत नाही, तर तो वेगळा आजार. जुन्या सॉफ्टवेअरला बहुतेकदा डॉट नेट ३.५ (मायक्रोसॉफ्टचाच एक जोडभाग, ज्याच्या आधारावर असे प्रोग्रॅम चालतात) लागतं, ते 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये टिक करून चालू करायचं. खूपच जुनं, १६ बिटचं असेल तर ६४ बिट विंडोजवर ते चालतच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच आहे, तिथे डोकेफोड करू नका. बाकीच्या तीन मशीनना शेअर केलेला फोल्डर दिसत नसेल, किंवा डेटा एखाद्या जुन्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यात असेल, तर विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून शेअरिंगचे नियम कडक झालेत, पासवर्ड नसलेलं पाहुणा म्हणून आत शिरणं आता चालत नाही, तेव्हा शेअरला नीट युजर आणि पासवर्ड द्या. प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जात असेल तर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, ही तर अगदी किरकोळ गोष्ट पण हिच्यामुळे अपडेट बिघडलं म्हणून ओरडणारे पाहिलेत.

बिलिंगच्या नव्या व्हर्जनबद्दल मात्र जरा जपून. ते टाकायला हरकत नाही, कधीतरी टाकावंच लागेल, पण नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की विचारतं 'डेटा अपग्रेड करायचा का' आणि आपण सवयीने यस दाबतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा रस्ता एकेरी असतो, एकदा डेटा नव्या पद्धतीत गेला की जुनं व्हर्जन त्याला ओळखत नाही. मग नव्यात एखादा रिपोर्ट चुकतोय, टॅक्स वेगळा येतोय असं आठवड्याने लक्षात आलं तर ना धड इकडचे ना तिकडचे. त्यामुळे नवं व्हर्जन बाकीच्या तीनपैकी एका मशीनवर टाकायला सांगा, डेटाच्या कॉपीवर चालवा, शुक्रवारचं शेवटचं बिल कागदावर असेलच ना तुमच्याकडे, त्याचा नंबर आणि रक्कम स्क्रीनवर जुळते का बघा, गेल्या महिन्याची एकूण विक्री जुळते का बघा. जुळलं तर पुढे. आणि लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर जुन्यावरून आधी काढून घ्यावं लागतं का ते विचारून ठेवा.

तोवर ऑफिस थांबणार नाही हे मला कळतं. बिलं हाताने करा पण नंबर वेगळ्या सिरीजचे द्या, म्हणजे पुढे एखादं अक्षर लावून, नाहीतर मशीन परत आल्यावर सॉफ्टवेअर शुक्रवारच्या पुढचा नंबर देणार आणि तुमच्याकडे एकाच नंबरची दोन बिलं होणार. ते निस्तरणं या सगळ्यापेक्षा कटकटीचं आहे.

सरांच्या 'अपडेटच बंद'बद्दल. राग समजतो पण घर गळतं म्हणून छप्परच काढून टाकण्यातला हा प्रकार आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा, तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं त्यांना भोवलं. तुमच्याकडे चार मशीन आहेत हे तर सोयीचंच आहे, ज्यावर सगळ्यात कमी काम चालतं त्यावर अपडेट आधी येऊ द्या, आठवडाभर तिथे प्रिंट, स्कॅन, बिलिंग सगळं चालवून बघा आणि मेन मशीनला सगळ्यात शेवटी. शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच, सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळी रडायची तयारी करून कशाला जायचं. आणि मेन मशीनचं अपडेट म्हटलं की त्याच्या आधी बॅकअप, आणि तो पेन ड्राइव्ह मशीनलाच कायम लावून ठेवायचा नाही, खंडणीवाला व्हायरस आला तर तोही त्यातच जातो. अधूनमधून त्या बॅकअपमधून खरंच डेटा परत उघडतो का तेही बघायचं, शेवटचा कधीचा हे त्याच्यावरच्या चिठ्ठीवर लिहा.

बटण तुम्ही दाबलं म्हणून सगळे तुमच्याकडे बघतायत हे मात्र मला खटकलं. ते बटण तुम्ही नाही दाबलं असतं तर मशीनने स्वतःच कधीतरी रात्री ते अपडेट टाकलं असतं, फार थांबत नाही ते. तीन वर्षांचा धंदा एका डिस्कवर, कीचा पत्ता नाही, बॅकअपची तारीख नाही, हे कोणा एका बाईने शुक्रवारी संध्याकाळी केलेलं नाही. सरांना हे अशा शब्दांत सांगू नका हवं तर, पण बाहेरची एक हार्ड डिस्क आणि ती की लिहून ठेवायला एक वही, एवढं मागून घ्या, आत्ता नाही म्हणणार नाहीत. आणि कॉम्प्युटरवाला आला की त्याला एवढंच सांगा की डेटाची कॉपी माझ्याकडे आहे, तरीही फॉरमॅट हा शेवटचा पर्याय, त्याआधी वर लिहिलेलं सगळं करून झालंय का ते मला दाखव. बहुतेक त्यालाही बरं वाटेल, कारण डेटा गेला तर शिव्या त्यालाच पडतात.

अरे हो, एक राहिलंच. बाकीच्या तीन मशीनवरही तेच अपडेट आलेलं किंवा येऊ घातलेलं असणार. हे वाचून झालं की तिन्हींवर जाऊन आधी 'पॉज' दाबा, आणि तिथेच बसल्या बसल्या त्यांच्याही कीज शोधून घ्या. स्टार्टमध्ये बिटलॉकर टाइप केलं की 'मॅनेज बिटलॉकर' येतं, त्यात 'बॅकअप युअर रिकव्हरी की' आहे, प्रिंट काढा, चारही मशीनच्या प्रती एका पाकिटात घालून सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. की मिळूनही मशीन नाही उठलं तर निळ्या स्क्रीनचा तो फोटो जोडून परत लिहा.